माझ्यासाठी जेवण सोडलेली माणसं

बऱ्या झालेल्या माणसांनी लिहिलेली आजारपणं मी पुष्कळ वाचली. दवाखान्यातल्या बाकावर बसून दुसरं काय करणार! त्या सगळ्यांत शेवटी केस परत येतात, रिपोर्ट चांगला येतो, आणि लिहिणारी बाई देवाचे, डॉक्टरांचे आणि नवऱ्याचे आभार मानून मोकळी होते. माझं तसं नाही. मी बरी झालेली नाही आणि होणारही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी आशेनं शेवटपर्यंत वाचून मला नावं ठेवायला नकोत.

मग लिहितेय कशाला? तर ज्यांच्या घरात कुणाला खाता येत नाही, त्या घरातल्या बाकीच्यांच्या ताटाचं काय होतं, हे मला कुठं वाचायला मिळालं नाही. मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून बसवतं तेव्हा थोडं थोडं लिहून काढलं आहे.

आमची मंडळी

मी शालन. कुपवाडला राहते, घरी ब्लाउज शिवते. आमचे हे, म्हणजे भीमराव, तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत. मुलगी रेश्मा साताऱ्याला दिली आहे.

आम्ही ख्रिस्ती आहोत, पण आमच्याकडं चर्चची इमारत नाही, पगारी पाळक नाही, माइक तर नाहीच नाही. सात-आठ घरं आहेत. दर रविवारी संध्याकाळी आळीपाळीनं एकेकाच्या घरी जमायचं, एवढंच आमचं चर्च. आम्ही त्याला मंडळी म्हणतो. वयानं मोठे म्हणून कुंडलचे अण्णा सांगतील ते आम्ही ऐकतो. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. उपदेश करायला लागले की चांगलेच अडखळतात, पण कुणाच्या घरात काय दुखतंय हे त्यांना न सांगता कळतं.

सुरुवातीला आमच्यात एक गंमत होती. गंमत कसली, लाजच ती. आम्ही वेगवेगळ्या जातींतून आलेलो. येशूनं जात काढली असं गाण्यात म्हणायचो, आणि भाकरी कुणी थापली हे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचो. एखादी म्हणायची, ‘मी जेवून आल्येय.’ दुसरीचा नेमका त्याच दिवशी उपास निघायचा. अण्णांनी हे ओळखलं. एका रविवारी ते म्हणाले, ‘‘भाकरी कुणी आणू नगा. परतेकानं आपल्या घरातलं मूठभर पीठ आणा.’’ मग कुणाची ज्वारी, कुणाची बाजरी, कुणाचा गहू, सगळं एका परातीत पडलं. अण्णांनी स्वतः हात घालून ते कालवलं आणि विचारलं, ‘‘आता सांगा बघू, कुणाच्या घरची भाकरी ही?’’

तेव्हापासून हीच आमची रीत. त्या पिठाची एक मोठी भाकरी होते. ती मोडून आम्ही प्रभुभोजन घेतो, बेदाणे भिजवलेलं पाणी एका पेल्यातून सगळे पितो, आणि मग उरलेल्या पिठाच्या भाकऱ्यांबरोबर आमटी-भात असं पोटभर जेवण. असल्या कालवलेल्या पिठाची भाकरी थापताना चिरते. गरम पाण्यात मळली तरच धड होते. माझ्या हातची चिरत नाही, म्हणून घर कुणाचंही असो, ती भाकरी मीच करायची. या गोष्टीचा मला गर्व होता, आणि तो कमी व्हावा म्हणून मी कधी प्रार्थना केली नाही.

खरं सांगू, आमची प्रार्थना स्वयंपाकघरातच होऊन जायची. कांदा चिरता चिरता कुणी नवऱ्याचं सांगायची, कुणी सासूचं. पुरुष शेंगा सोलत बसायचे आणि तिथं भांडणंही मिटायची. नंतर डोळे मिटून जी प्रार्थना व्हायची ती त्यावर नुसती सही.

दुर्बीण

पहिल्यांदा घास अडकला तो अशाच एका रविवारी. मी पाणी प्यायले, तो खाली गेला. पुढं भाकरी अडकायला लागली, मग चपाती, मग भात. मी सगळं कुस्करून, कालवून खाऊ लागले. बायका असंच करतात. दुखणं जेवढं सरकेल तेवढं पुढं सरकवतात. शेवटी एक दिवस चहा नाकातून परत आला तेव्हा हे मला ओढतच सांगलीला घेऊन गेले.

घशातून दुर्बीण घातली, तुकडा काढला, तपासायला गेला. रिपोर्टच्या दिवशी डॉक्टर आधी यांच्या कामाची चौकशी करू लागले. मग म्हणाले, पाऊस कसा आहे तुमच्याकडं. कुपवाड आणि सांगलीत असं किती अंतर आहे! ताकाला जाऊन भांडं लपवतात तसला प्रकार. मी म्हणाले, ‘‘डॉक्टर, माझा शिवणाचा धंदा आहे. कापड फाटलंय तर फाटलंय म्हणा.’’

मग ते म्हणाले. अन्ननलिकेचा कॅन्सर. ऑपरेशन करता येण्यासारखी जागा नाही, रेडिएशनचा शेक देऊ, औषध देऊ, आणि तोवर पोटातून नळी बसवू म्हणजे अन्न जात राहील. यांनी विचारलं, ‘‘म्हंजी जेवाय कवापास्नं येईल?’’ डॉक्टर म्हणाले, बघू. ‘बघू’ या शब्दाचा अर्थ मला त्याच वेळी कळला, यांना कळला नाही. किंवा कळूनही त्यांनी तो बाहेर ठेवला.

घराजवळ आल्यावर हे म्हणाले, ‘‘दूध सांगून येतो.’’ आणि दूध न घेताच परत आले. डोळे लाल. मला त्या दिवशी रडू आलं नाही. मला भयंकर भूक लागली होती.

बाकावरचे दिवस

शेक घ्यायला रोज सांगलीला जायचं. छातीवर शाईच्या रेघा काढलेल्या, त्या पुसायच्या नाहीत म्हणून अंग धड धुवायचं नाही. जन्मभर मी दुसऱ्यांच्या कापडावर खडूनं रेघा ओढल्या, आता माझ्यावर कुणी ओढत होतं. मी हे तिथल्या मुलीला म्हणाले तर ती हसली. शेवटपर्यंत ती मला ‘टेलरकाकू’ म्हणत होती आणि यंत्राखाली झोपवायच्या आधी स्वतःचे गार हात एकमेकांवर चोळून घेत होती. अशा बारीक दया मी विसरलेले नाही.

बाकावर जतकडची एक म्हातारी असायची. ती माझ्यासाठी शेजारी पिशवी ठेवून जागा धरायची. ‘‘बस बाय हितं, तुजी जागा हाय,’’ म्हणायची. एक दिवस ती पिशवी नव्हती. मी कुणाला विचारलं नाही. त्या बाकावर कुणी विचारत नाही.

नळीतून जेवण म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पेज, ताक, मुगाचं गाळलेलं पाणी मोठ्या पिचकारीनं पोटात सोडायचं. पोट भरतं. पण तोंडाला ते कुणी कळवतच नाही. तोंड आपलं आशाळभूतासारखं वाट बघत राहतं. पुढं पुढं थुंकीसुद्धा गिळता येईना, जवळ एक डबा ठेवून त्यात थुंकायचं. शेजारच्या मुमताजभाभी फोडणी घालायच्या तेव्हा मी खिडकीपाशी जाऊन उभी राहायची. वास घेत. भिकारणीसारखी.

वचन

नळी बसवून आले त्यानंतरचा रविवार आमच्याच घरी होता. मी कॉटवर पडले होते. भाकरी मंदानं केली. मंदा आमच्यातली सगळ्यात लहान, कुपवाडच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. भाकरी चिरली होती, पण मी काही बोलले नाही.

अण्णांनी ती मोडली. तुकडे हातोहात गेले आणि माझ्यापाशी येऊन थांबले. मंदानं तुकडा माझ्यापुढं धरला, मग तिच्या लक्षात आलं. तो तुकडा कुठं ठेवावा हे तिला कळेना. ती तशीच हात पुढं करून रडायला लागली. कुणाच्याच तोंडात घास जाईना.

मग अण्णा उठले. एरवी अडखळणारा माणूस, पण त्या दिवशी सरळ बोलला. ‘‘शालननं आपल्याला आजवर भाकरी घातली. ती जेवंस्तवर रविवारी ह्या मंडळीत कुणी घास घ्यायचा न्हाई. देव तिला गिळाय देईल. त्या दिवशी सगळी मिळून जेवू. तवर न्हाई.’’

सगळे ‘आमेन’ म्हणाले. आमचे हे सगळ्यात मोठ्यानं म्हणाले.

आणि मला काय वाटलं? मला फार बरं वाटलं. माझ्यासाठी एवढी माणसं उपाशी राहणार म्हणून उशी भिजवली मी. कुणाच्या मनात आलं नाही की हा नवस झाला. आमच्यातले बरेच जण नवस फेडण्यातच लहानाचे मोठे झालेले. देव बदलला, पण देवाशी बोलायची भाषा तीच राहिली. देवापुढं अट घालून बसायचं, आणि अट पुरी होईपर्यंत हलायचं नाही.

रिकामी परात

जेवण गेलं तशी पहिली गोष्ट ही झाली की लोक वेळेवर यायला लागले. वाचायला चांगलं वाटतं हे. पण आधी पिठाच्या निमित्तानं माणसं तासभर लवकर यायची आणि भांडी घासून उशिरा जायची. आता माझ्यामुळं दर रविवारी आमच्याकडंच जमायचं ठरलं. माणसं सहाला यायची, भिंतीला टेकून ओळीनं बसायची, गाणं म्हणायची, माझ्यासाठी प्रार्थना करायची आणि सातला चपला शोधायची. कांदा नाही, शेंगा नाही, बोलायचं कुठं? आणि माझ्या कॅन्सरपुढं आपलं दुखणं कुणी काढावं कसं? कुणाची कंबर धरलेली, कुणाचा मुलगा बोलत नाही, सगळं पोटात ठेवून माणसं माझ्यासाठी हात वर करायची. मी त्या घरातली देव्हाऱ्यातली मूर्ती झाले होते. आमच्यात मूर्ती चालत नाही, तरी झाले होते.

आधी एक घर यायचं बंद झालं, मग दुसरं. मंदा दिसेना. मी यांना विचारलं तर म्हणाले, ‘‘शिफ्ट बदलली आसंल.’’

रेश्मा साताऱ्याहून आली ती वेगळंच घेऊन. तिच्या सासरी मोठं चर्च आहे, बँड आहे. तिथं कुणा बाईची गाठ प्रार्थनेनं विरघळली म्हणे. ‘‘आई, तू चल तिकडं. इथं या सात माणसांत काय आहे?’’ हे तिच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. ती म्हणाली, ‘‘पप्पा, तुम्ही आरशात बघितलंय का स्वतःला?’’

तेव्हा मी बघितलं. आजारी माणूस स्वतःत इतका बुडालेला असतो की समोरच्याच्या शर्टाची कॉलर सैल झालेली त्याला दिसत नाही. आणि मी तर शिवणकाम करणारी! हे रोज कामावरून आले की म्हणायचे, ‘‘मी खाल्लंय तिकडंच.’’ पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी आम्हा दोघांकडं बघून विचारलं, ‘‘यातला पेशंट कोण?’’ ते चेष्टेनंच म्हणाले. पण मी घरी येऊन यांचा कामावर न्यायचा डबा बघितला. डबा कितीतरी दिवस कुणी भरलेला नव्हता. मंडळीत रविवारी एक वेळ जेवायचं नाही असं ठरलं होतं. खोदून विचारल्यावर कळलं, दुपारी वर्कशॉपमध्ये चहा-पाव खायचे आणि रात्रीचं जेवण तर यांनी रोजचंच सोडलं होतं. देवाला जास्त दिलं की देव लवकर ऐकेल, असा हिशेब.

मी भांडले. म्हणाले, ‘‘तुमी पडलासा तर मला नळी कोण लावणार?’’

हे म्हणाले, ‘‘तू जेवायला लाग, मग मी जेवतो.’’

माझ्यासारखं ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांना हात जोडून सांगते, घरातल्यांना आपल्यासमोर जेवायला बसवा. पहिल्या दिवशीच बसवा. तुम्हाला त्रास होईल, होऊ द्या. ती माणसं लपून खायला लागली किंवा खायचीच थांबली, की घरात आजारी एकच उरत नाही.

‘नळी कायमची’

शेक संपल्यावर पुन्हा दुर्बीण घातली. या वेळी डॉक्टरांनी पावसाची चौकशी केली नाही. नवीन गाठ होती, खालच्या बाजूला, आणि यकृतावरही काही दिसत होतं. म्हणाले, ‘‘आता शरीराला त्रास देण्यात अर्थ नाही. दुखणार नाही एवढं आपण बघू. नळी कायमची.’’

यांनी कागद घडी करून खिशात घातले आणि बाहेर आल्यावर म्हणाले, ‘‘अण्णांना सांगू, अजून जोर लावूया प्रार्थनेला.’’

मला देवाचा राग आला. तो आजही आहे. मी त्याला रोज सांगते, तू माझ्याशी असं वागायला नको होतंस. तो नाही असं मला कधी वाटलं नाही. तसं वाटलं असतं तर सोपं झालं असतं. तो आहे, ऐकतो, आणि मला बरं करणार नाही. एवढंच मला कळलं आहे, यापुढचं काही कळलेलं नाही, आणि ज्यांना कळल्यासारखं वाटतं त्यांनी कृपा करून मला समजावायला येऊ नये.

त्याच आठवड्यात मुमताजभाभी माझी औषधं घेऊन आल्या. त्यांचे रोजे चालू होते. दारात टेकल्या आणि म्हणाल्या, ‘‘मंदाच्या नवऱ्याची नोकरी गेली, ठावं हाय न्हवं? त्याचा कारखाना बंद पडला. लय वंगाळ चाललंय त्यांचं.’’

मला ठाऊक नव्हतं. आमच्या मंडळीतल्या मुलीचं मला शेजारणीकडून कळत होतं. मी त्यांना सगळं सांगितलं, अण्णांचं वचन, यांचं न जेवणं, सगळं. त्या ऐकत होत्या. मग अगदी साधेपणानं त्यांनी विचारलं, ‘‘ताई, आमचा रोजा सांजंला सुटतो. तुमचा कवा सुटायचा?’’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्याच लक्षात आलं की माझ्या हातून तो कधीच सुटणार नाही. तो सुटेल तेव्हा मी नसेन. माती दिल्यावर आमच्याकडंही शेजारपाजारचे भाकरी-पिठलं घेऊन येतात, घरच्यांना आग्रहानं दोन घास भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. या घरात माझी माणसं पुन्हा एकत्र जेवतील ती त्या दिवशी, माझ्या कडू घासाला. तोपर्यंत ती भिंतीला टेकून वाट बघत बसणार. माझ्या बरं होण्याची वाट बघतोय असं त्यांना वाटणार, आणि खरं म्हणजे दुसऱ्याच गोष्टीची बघत असणार. हे मनात आलं आणि मी घाबरले. मरणाची भीती मला होतीच, पण ही तिच्याहून मोठी होती.

अण्णा

मी अण्णांना बोलावून घेतलं. ते कुंडलहून एसटीनं आले, कॉटच्या पायथ्याशी बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी म्हणाले, ‘‘अण्णा, या रविवारी हितं जेवायचं.’’

त्यांचा चेहरा असा उजळला की मला ते शब्द परत घ्यावेसे वाटले. ‘‘गिळाय येतंय तुला?’’ ते अर्धवट उठलेच.

‘‘न्हाई. येणार बी न्हाई. डॉक्टरांनी सांगितलंय.’’

ते परत बसले. पुष्कळ वेळ टोपीची घडी उलगडत, घालत राहिले. मग म्हणाले, ‘‘डॉक्टर सांगतील त्ये सांगतील. आपुन वचन दिलंय, शालन. देवाला दिलंय.’’

‘‘देवानं मागितलं हुतं का?’’

‘‘आमी घास घेतला म्हंजी आमी तुझी आशा सोडली, आसंच हुतंय की गं.’’

‘‘मग सोडा,’’ मी म्हणाले.

‘‘काय बोलतीस?’’

‘‘सोडा माझी आशा. मी सोडली. मला लय जड गेलं, तुमालाबी जाईल. पर तिच्यापायी मंदाच्या घरात चूल थंड हाय आन आपल्यातल्या एकालाबी ठावं न्हाई. ह्यांची हाडं वर आल्यात. अण्णा, मला घास उतरत न्हाई म्हणून तुमी साऱ्यांचा गळा दाबून धरलाय.’’

हे मी बोलायला नको होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सत्तरीच्या पुढचा माणूस, त्याची दाढी ओली झालेली मी बघितली. त्यांनी टोपी घातली, ‘येतो’ही न म्हणता गेले. हे दारातच उभे होते. यांनी सगळं ऐकलं होतं. ते माझ्याशी त्या दिवशी बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. नळी लावायचे, भांडं धुवायचे आणि बाहेर जाऊन बसायचे. आशा सोडली म्हणणाऱ्या बायकोशी काय बोलावं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

रविवार

येईल का कुणी, हे मला ठाऊक नव्हतं. तरी दुपारी मी मुमताजभाभींना मंदाकडं पाठवलं आणि स्वतः आमटी टाकली. एका हातानं ओट्याला धरून. दोनदा बसावं लागलं. फोडणीचा वास माझ्या घरात उठला तेव्हा मी थुंकीचा डबा जवळ घेतला. तोंडाला सुटलेलं पाणी मला त्यात सोडावं लागत होतं.

मंदा आली, नवऱ्याला घेऊन. आणखी एक नवरा-बायको आले. बाकीची घरं आली नाहीत आणि अजूनही येत नाहीत. सगळ्यात शेवटी अण्णा आले. त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि मूठभर पीठ परातीत टाकलं. बाकीच्यांनीही टाकलं. यांनी आमच्या डब्यातलं पीठ आणलं नाही, ते उंबऱ्यापाशीच बसून राहिले. ते मीच घेतलं.

भाकरी मी केली. हातात पहिला जोर नव्हता, भाकरी कडेला चिरली. असू दे म्हटलं.

अण्णा दर वेळी प्रार्थना माझ्या नावानं सुरू करत. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटलेच नाहीत. मंदाकडं वळून म्हणाले, ‘‘घरचं काय हाय, पोरी?’’ मंदा आधी ‘काही नाही’ म्हणाली, मग सगळं बोलली. तिचा नवरा मान खाली घालून बसला होता. दुसरे गृहस्थ म्हणाले, त्यांच्या मालकाकडं एक माणूस हवाय, उद्या विचारतो. प्रार्थना झाली ती एवढीच.

मग अण्णांनी भाकरी मोडली. तुकडा तोंडात घालायच्या आधी त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ते जेवले. मंदा जेवली. ताटं वाढली, आमटी वाढली, माणसं जेवायला लागली. मी कॉटवर बसून बघत होते. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला नाही. मला त्यांचा हेवा वाटला. त्यांच्या गळ्याचे उंचवटे वरखाली होत होते, तिकडंच माझं लक्ष. वाटलं, किती सोपं आहे या सगळ्यांना, आणि यांच्यापैकी एकालाही ते ठाऊक नाही. या माणसांना आता मी मरणार हे मान्य झालंय, हेही दिसत होतं, आणि मीच ते मागून घेतलं होतं.

हे उंबऱ्यावरून हलले नव्हते. अण्णांनी बोलावलं, ‘‘भीमा, ये रं.’’

‘‘मला भूक न्हाई.’’

मी उठले. मंदानं हात दिला. भाकरीचा एक तुकडा घेऊन, आमटीत बुडवून, मी यांच्यासमोर खाली बसले. मला खाली बसायला फार वेळ लागतो, तेवढा वेळ सगळे थांबले. मी घास यांच्या तोंडापाशी धरला. यांनी तोंड घट्ट मिटलेलं, हट्टी पोरासारखं. आमटी माझ्या मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत गेली.

हे हळू आवाजात म्हणाले, ‘‘ह्यो खाल्ला म्हंजी तू चाललीस.’’

मी म्हणाले, ‘‘न्हाई खाल्ला तरी चालले.’’

तेव्हा यांनी तोंड उघडलं. मी घास भरवला. ते चावत राहिले, नुसतेच चावत राहिले. डोळ्यांतून पाणी मिशीत उतरत होतं आणि घास एका गालातून दुसऱ्या गालात फिरत होता.

‘‘गिळा,’’ मी म्हणाले.

यांनी गिळलं. आणि इतक्या दिवसांत मला कधी उलट शब्द न बोललेला हा माणूस बाहीनं नाक पुसत म्हणाला, ‘‘आमटीत मीठ न्हाई.’’

चव बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बघणार तरी कशी! आणि ही सगळी माणसं तशीच अळणी आमटी मुकाट्यानं ओरपत होती. मंदाला आधी हसू फुटलं, मग अण्णांना, आणि रडता रडता यांनाही.

मंदा मीठ आणायला उठत होती. मी तिला बसवलं आणि भिंतीला धरून स्वतः गेले.